सुट्टी कुणाच्या कामी येते?

अमेरिकेतल्या शाळांना उन्हाळ्याची सुट्टी मेअखेर ते जूनमध्ये लागते, पण घरात हायस्कूलला जाणारं मूल असेल तर तिची जमवाजमव आदल्या थंडीतच सुरू झालेली असते. नावाजलेल्या समर प्रोग्रॅमचे अर्ज साधारण डिसेंबर ते मार्चच्या दरम्यान भरायचे असतात. त्याआधी शिफारसपत्रांसाठी शिक्षकांना गाठायचं, निबंध लिहायचे, फी किती आणि राहण्याची सोय कुठे ते पाहायचं. न्यू जर्सीतलं एडिसन असो, प्लेन्सबरो असो, की कॅलिफोर्नियातलं फ्रीमाँट वा कुपरटिनो, मराठी मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमाला जमलेल्या पालकांमध्ये "तुमच्याकडे यंदा समरला काय?" हा प्रश्न ठरलेला. मूल सुट्टी कशी घालवणार याची उत्सुकता त्यात असतेच, पण कॉलेजच्या अर्जात ती सुट्टी कशी दिसेल याची काळजी जास्त असते.

ही काळजी मी खोटी मानत नाही. चौदा ते सतरा या वयातल्या सुट्ट्या वाया जाऊ नयेत असं कुठल्याही आईबापाला वाटणारच. माझा वाद आखणीशी नाही, ती कशाकडे बघून केली जाते याच्याशी आहे. मूल आलं नाही तर कुणाचं तरी काम खरोखर अडेल, अशा ठिकाणी त्याने या सुट्ट्या घालवाव्यात असं माझं म्हणणं आहे. बहुतेक मुलांच्या बाबतीत याचा सरळ अर्थ पगाराची साधी नोकरी असा होतो: आइस्क्रीमच्या दुकानात, गावच्या तलावावर, किराणा दुकानाच्या गल्ल्यावर. आपल्या समाजाला नेमकी हीच गोष्ट पचत नाही. ती का पचत नाही आणि पचायला का हवी, ते मला मांडायचं आहे.

आधी तो कॉलेजचा अर्ज पाहू. हायस्कूलची वर्षं चार, नववी ते बारावी, आणि त्यांच्यामधल्या सुट्ट्या तीन. तिसरी सुट्टी संपायच्या आतच, १ ऑगस्टला, शेकडो कॉलेजांना चालणारा 'कॉमन अ‍ॅप' हा अर्ज खुला होतो, आणि अनेक कॉलेजांची लवकरच्या प्रवेशाची मुदत १ नोव्हेंबरला संपते. या अर्जात शाळेबाहेरच्या उद्योगांसाठी दहा चौकटी असतात. प्रत्येकीत वर्णनाला १५० अक्षरं, मधल्या रिकाम्या जागा धरून. कॅलिफोर्निया विद्यापीठाचा अर्ज वेगळा, तिथे उद्योग आणि पारितोषिकं मिळून वीस नोंदींना जागा, आणि नोंदीच्या वर्णनाला ३५० अक्षरं. स्टॅनफर्डने तर कित्येक वर्षं थेटच विचारलं आहे की मागचे दोन उन्हाळे कसे घालवलेत ते पन्नास शब्दांत सांगा. एमआयटी मात्र चारच गोष्टी लिहू देते. मला हे जास्त शहाणपणाचं वाटतं, कारण समोर दहा चौकटी असल्या की दहाही भरल्याच पाहिजेत असं मुलांना वाटतं आणि पालकांना तर त्याहून जास्त.

आपल्या पिढीतले बहुतेक जण परीक्षेच्या वाटेने इथवर आले. दहावीचा बोर्डाचा निकाल, बारावीचा ग्रुप, इंजिनिअरिंगची प्रवेशयादी, मग जीआरई. त्या वाटेवर कष्ट होते, अन्यायही होता, पण अभ्यासक्रम छापील असायचा आणि कट-ऑफ फलकावर लागायचा. काय केलं की काय मिळेल हे ठाऊक असायचं, म्हणून क्लास लावता यायचा. इथली निवड तशी नाही हे कळल्यावर आपण तिचाही अभ्यासक्रम शोधायला निघालो. नववीपासून मुलाचं 'प्रोफाइल' बांधून देणारे सल्लागार आले. कुठल्या सुट्टीत 'स्पाइक', म्हणजे एकाच विषयातलं ठळक वेगळेपण, काढायचा, कुठल्या सुट्टीत 'पॅशन प्रोजेक्ट' उभा करायचा याचे तक्ते आले. पंधरा वर्षांच्या मुलाला ओढ कशाची असावी हे घरात बैठक घेऊन ठरायला लागलं.

या बाजारात काय विकलं जातं ते एकदा नीट पाहायला हवं. मोठ्या विद्यापीठांच्या आवारात दोन-तीन आठवड्यांचे प्री-कॉलेज कोर्स चालतात. फी हजारो डॉलर, आणि फी भरू शकणाऱ्या बऱ्याच जणांना प्रवेश मिळून जातो. मुलाला डॉर्ममध्ये राहायला मिळतं, नवे मित्र होतात, एखादा विषय चाखता येतो. तेवढ्यासाठी कुणी पाठवलं तर माझी काही हरकत नाही. पण विद्यापीठाचं नाव चौकटीत लिहिल्याने त्याच विद्यापीठाचं दार उघडेल, या आशेवर ते पैसे भरले जातात, आणि ती आशा पोकळ आहे. अर्ज वाचणाऱ्यांना आपल्याच आवारात पैसे भरून कोण येतं हे चांगलं माहीत असतं.

दुसरा माल म्हणजे संशोधन. पैसे घेऊन शाळकरी मुलाला मार्गदर्शक मिळवून देणाऱ्या, वर त्याचा निबंध कुठल्यातरी नियतकालिकात छापून येईल अशी व्यवस्था करणाऱ्या सेवांवर २०२३ मध्ये 'प्रोपब्लिका'ने सविस्तर वृत्तांत केला होता. लिहिणाऱ्या दोघांपैकी एक मुंबईचे पत्रकार कुणाल पुरोहित होते. संशोधन म्हणजे महिनोन्‌महिने चुकत राहणं, हे ज्यांना आपापल्या कामातून ठाऊक आहे असे पालकही, पीएच.डी. झालेले पालकही, आपल्या अकरावीतल्या मुलाच्या नावावर दहा आठवड्यांत शोधनिबंध यावा म्हणून पैसे मोजतात. त्यातून मूल शिकतं ते एवढंच, की ज्ञानाच्या जगातही नाव विकत मिळतं. सतराव्या वर्षी शिकलेली अशी गोष्ट पुढे पुसून काढणं फार अवघड असतं.

तिसरा प्रकार मला सगळ्यांत जास्त सलतो. जुलैत महाराष्ट्रातल्या शाळा नुकत्या सुरू झालेल्या असतात, पाऊस लागलेला असतो. अशा वेळी इथून गेलेलं मूल वडिलांच्या ओळखीने जिल्हा परिषदेच्या एखाद्या शाळेत जातं, चार दिवस इंग्रजी किंवा कोडिंग शिकवतं, दप्तरं नाहीतर टॅबलेट वाटतं, फोटो काढतं आणि परत येतं. शिक्षक पाहुण्यांसाठी आपला तास थांबवतात. मुलं रांगेत उभी राहतात. सप्टेंबरपर्यंत त्या उपक्रमाला नाव, बोधचिन्ह आणि वेबसाइट मिळते, आणि अर्ज गेला की त्या शाळेकडे पुन्हा कुणी फिरकत नाही. त्या शाळेतल्या मुलांचा वेळही वेळच आहे. आपल्या मुलाच्या १५० अक्षरांसाठी तो खर्ची घालायचा अधिकार आपल्याला कुणी दिलेला नाही. तेच मूल त्याच चार आठवड्यांत सांगलीला किंवा अकोल्याला आजी-आजोबांकडे राहिलं असतं, आजोबांची औषधं आणली असती, बँकेत त्यांच्यासोबत रांगेत उभं राहिलं असतं, मावशीच्या दुकानात बसलं असतं, तर अर्जात लिहिण्याजोगं कदाचित फार थोडं मिळालं असतं. पण कुणाच्या तरी उपयोगी पडलं असतं, आणि मराठी सुधारली असती ती वेगळीच.

सगळेच समर प्रोग्रॅम मी एका मापाने मोजत नाही. अर्नॉल्ड रॉस या गणितज्ञाने १९५७ मध्ये सुरू केलेला गणिताचा उन्हाळी वर्ग आजही चालतो. मुलं आठवडेच्या आठवडे संख्यासिद्धांताचे प्रश्न घेऊन बसतात आणि प्रत्येक विधान स्वतः सिद्ध करतात. बॉस्टन विद्यापीठातला 'प्रॉमिस' हा वर्ग त्याच परंपरेतला. १९५९ पासून चालणाऱ्या 'समर सायन्स प्रोग्रॅम'मध्ये मुलं रात्री दुर्बिणीतून लघुग्रहाची निरीक्षणं घेतात आणि त्यावरून त्याची कक्षा गणिताने काढतात. १९८४ पासूनची 'रिसर्च सायन्स इन्स्टिट्यूट' निवडलेल्या मुलांकडून एक पैसा घेत नाही, आणि न्यू जर्सीच्या गव्हर्नर्स स्कूलमध्येही शिकवणी फुकट असते. पुण्यात 'आयुका' ही खगोलशास्त्राची संस्था शाळकरी मुलांना उन्हाळ्यात बोलावून आठवडाभर शास्त्रज्ञांसोबत काम करू देते, तीही याच जातीची गोष्ट. ज्या मुलाला एखाद्या प्रश्नाने झपाटलंय त्याने अशा ठिकाणी अर्ज करावाच, कारण आपल्यासारखीच झपाटलेली मुलं त्याला तिथे पहिल्यांदा भेटतात, आणि त्या वयात हे फार मोठं घबाड असतं. पण या जागा थोड्या आहेत, रिसर्च सायन्स इन्स्टिट्यूटमध्ये तर वर्षाला शंभराच्या आसपासच. त्यामुळे त्या मिळाल्या तर घ्याव्यात, पण सुट्टीची सगळी मांडणी त्यांच्याभोवती करू नये.

आता जरा मागे जाऊ. मुलाने शाळेबाहेर काय केलं, त्याचा स्वभाव कसा, हे कॉलेजांनी विचारायला सुरुवात का केली? पहिल्या महायुद्धानंतर पूर्व किनाऱ्यावरच्या नामांकित कॉलेजांत ज्यू विद्यार्थ्यांची संख्या वाढत होती. पूर्व युरोपातून आलेल्या निर्वासितांची, कारागिरांची ही मुलं परीक्षेत चमकत. हार्वर्डचे अध्यक्ष लॉरेन्स लोवेल यांनी १९२२ मध्ये त्यांच्यावर उघड मर्यादा घालण्याचा प्रस्ताव मांडला. प्राध्यापकांनी तो मान्य केला नाही. पण त्याच वर्षी अर्जात नवे प्रश्न आले: वंश कोणता, आईचं माहेरचं नाव काय, जन्मानंतर तुमचं किंवा वडिलांचं नाव बदललं आहे का. १९२६ नंतर चारित्र्य आणि व्यक्तिमत्त्व यांना निवडीत वजन मिळालं, अर्जाला फोटो जोडणं आलं, आणि ज्यू विद्यार्थ्यांचं प्रमाण घसरलं. जेरोम कॅरबेल या समाजशास्त्रज्ञाने 'द चोझन' या २००५ च्या ग्रंथात हा सगळा इतिहास कागदपत्रांनिशी मांडला आहे. पुढे याच मोकळ्या निकषांचा उपयोग आधी दारं बंद असलेल्यांना आत घेण्यासाठीही झाला, हेही तितकंच खरं. पण त्या निकषांचा जन्म कशातून झाला ते विसरून चालत नाही, विशेषतः आपल्याला, कारण शंभर वर्षांनंतर त्याच जागेवर आपण उभे आहोत. हार्वर्डविरुद्धच्या ज्या खटल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जून २०२३ मध्ये दिला, त्यात आशियाई अर्जदारांना 'व्यक्तिमत्त्वा'चे गुण कमी पडतात हा मोठा मुद्दा होता.

म्हणून या निवडपद्धतीविषयी आपल्या लोकांना वाटणाऱ्या संशयाला मी हसत नाही. वेस्ट विंडसर-प्लेन्सबरो या न्यू जर्सीतल्या शाळा-जिल्ह्याचे प्रमुख डेव्हिड अ‍ॅडरहोल्ड यांनी २०१५ मध्ये मुलांवरचा ताण कमी करण्यासाठी मिडटर्म आणि फायनल परीक्षा काढून टाकल्या, काही रात्री गृहपाठ बंद केला. तेव्हा पालकांत फूट पडली, आणि विरोध करणाऱ्यांत आशियाई पालक पुष्कळ होते. आमची मुलं ज्या शिडीने वर चढतायत तीच काढून घेताय, असं त्यांना वाटलं. मुलांचा ताण खरा होता, म्हणून जिल्ह्याचा निर्णय मला योग्यच वाटतो. तरी पालकांची भीतीही हवेतली नव्हती. नियम कुणीतरी दुसराच लिहितो आणि आपली मुलं पुढे गेली की ते बदलतात, या अनुभवाला इतिहासाचा आधार आहे.

मग अशा बदलत्या नियमांच्या मागे मुलाचं कोवळं वय धाववायचं का? २०२० मध्ये एसएटी ऐच्छिक झाली. एमआयटीने ती २०२२ मध्ये परत आणली, आणि हार्वर्ड, येल, ब्राउन, डार्टमथ यांनी तशी घोषणा २०२४ मध्ये केली. २०२० मध्ये नववीत गेलेल्या मुलाने एक नियम समजून हायस्कूल सुरू केलं, आणि ते कॉलेजात रुळेपर्यंत नियम पुन्हा उलटला होता. कॉलेजांना त्या त्या वर्षी काय हवं ते त्यांच्या गरजेवर ठरतं: वाद्यवृंदात कोण कमी आहे, कुठल्या राज्यातून कुणी नाही, नौकानयनाच्या संघात किती जागा आहेत. त्या गरजेचा अंदाज बांधून तीन वर्षं आधी मुलाची सुट्टी कापायची, यात शहाणपण नाही.

पैशाचा भाग यात किती आहे, तेही आता आकड्यांनी दिसतं. राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रीडमन यांच्या २०२३ च्या अभ्यासात असं आढळलं, की एसएटी-एसीटीचे गुण सारखे असूनही सर्वांत श्रीमंत एक टक्का घरांतली मुलं मध्यमवर्गीय मुलांच्या दुपटीहून अधिक प्रमाणात आयव्ही लीग आणि त्या तोलाच्या मिळून बारा विद्यापीठांत पोचतात. कारणं तीन: माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना झुकतं माप, खेळाडूंची भरती, आणि अभ्यासाबाहेरच्या गोष्टींना मिळणारे चढे गुण. यातली तिसरी गोष्ट म्हणजेच आपल्या सुट्टीच्या चौकटी. त्याच अभ्यासाने पुढे असंही दाखवलं, की अभ्यासातली गुणवत्ता पुढच्या यशाशी जुळते, आणि ज्या बाबींमुळे श्रीमंतांना झुकतं माप मिळतं त्या जुळत नाहीत. म्हणजे खेळच अतिश्रीमंतांच्या सोयीचा आहे. दोन पगारांवर घर चालवणारं, गावाकडे पैसे पाठवणारं मराठी कुटुंब त्यात कितीही ओतलं तरी पुरं पडणार नाही.

यावर हमखास येणारं उत्तर असं की, हे सगळं खरं, पण शर्यत तर आहे. आहे, पण किती ठिकाणी? प्यू रिसर्च सेंटरने २०१९ मध्ये १,३६४ चार-वर्षीय कॉलेजं तपासली. त्यांत दहा टक्क्यांहून कमी अर्जदारांना घेणारी फक्त १७ होती, आणि निम्म्याहून जास्त कॉलेजं दोन-तृतीयांश किंवा त्याहून अधिक अर्जदारांना प्रवेश देत होती. आपल्या घरांतलं सगळं वातावरण त्या १७ नावांनी तापलेलं आहे. त्या नावांचा काहीच उपयोग नाही असं मी म्हणणार नाही. चेट्टींच्याच अभ्यासानुसार तिथे गेल्याने सरासरी कमाई फारशी बदलत नसली, तरी कमाईच्या सर्वांत वरच्या टोकाला पोचण्याची शक्यता वाढते. ज्याला तेच हवं त्याने प्रयत्न करावा. पण हार्वर्डने २०२४ मध्ये ५४,००० अर्जांतून दोन हजारांहूनही कमी मुलं घेतली. इतक्या अरुंद दारासाठी तीन उन्हाळे गहाण टाकले आणि दार उघडलं नाही, तर मुलाच्या हाती काय उरतं? हा प्रश्न आपण आखणी करताना विचारत नाही, आणि मार्चअखेर निकाल येतात तेव्हा मूल तो एकट्याने स्वतःला विचारत बसतं.

म्हणून नोकरी. एकेकाळी या देशात उन्हाळी नोकरी ही किशोरवयाची नेहमीची गोष्ट होती. श्रम खात्याच्या आकड्यांनुसार १९७० च्या दशकाच्या अखेरीस जुलै महिन्यात १६ ते १९ वयाची दहातली सात मुलं कामावर होती किंवा काम शोधत होती. गेल्या दशकात हे प्रमाण दहाला चाराच्या आसपास आलं. जर्सी शोअरच्या बोर्डवॉकवर आज पिझ्झा विकायला, पाळणे चालवायला पूर्व युरोपातले विद्यार्थी जे-१ व्हिसावर येतात. इथल्या सुखवस्तू घरांतली मुलं तेव्हा कुठल्यातरी प्रोग्रॅमला गेलेली असतात.

अशा नोकरीत असं काय आहे? तलावावर लाइफगार्ड उशिरा आला तर त्या दिवशी तलाव वेळेवर उघडत नाही. दुकानात शनिवारी संध्याकाळी एक मुलगी आली नाही तर उरलेल्या दोघींना रांग आवरत नाही, आणि सोमवारी त्या दोघींना तोंड दाखवावं लागतं. रात्री गल्ला जुळवायचा असतो, तो जुळतो किंवा जुळत नाही, तिथे चांगल्या हेतूचे गुण मिळत नाहीत. शेजारी उभी असलेली बाई हीच नोकरी पोटासाठी करते आणि इथून सुटून दुसऱ्या नोकरीला जाते, हे आपल्या उपनगरांत वाढलेल्या मुलाला आणखी कुठे दिसणार? मुलाला 'वर्किंग पेपर्स', म्हणजे अल्पवयीनांचा कामाचा परवाना, स्वतः काढावे लागतात. पहिल्या पगाराच्या चिठ्ठीत सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचे मिळून ७.६५ टक्के कापलेले दिसतात, आणि देश कशावर चालतो हे नागरिकशास्त्राच्या पुस्तकापेक्षा लवकर कळतं. पाचशे डॉलर मिळवायला किती तास उभं राहावं लागतं हे पायांना समजतं. बापाने दिलेल्या पैशांतून हे ज्ञान कधीच येत नाही.

सगळ्यांत मोठी गोष्ट अशी की मुलाची तिथे गरज असते. आपल्या मुलांच्या आयुष्यातली जवळपास प्रत्येक गोष्ट, क्लास, पियानो, कोडिंग, पोहणं, मुलासाठी चालते. शिकवणारे त्याच्यासाठी, गाडी त्याच्यासाठी, आईचा रविवार त्याच्यासाठी. त्याच्या नसण्याने कुणाचंही काही बिघडत नाही. सोळाव्या वर्षी माणसाला आतून मोठं व्हायचं असतं, आणि आपल्यावाचून कुणाचं तरी अडतं हे कळल्याशिवाय ते मोठेपण येत नाही. 'लीडरशिप'चा प्रोग्रॅम हे देऊ शकत नाही, कारण तिथेही मूल ग्राहकच असतं.

यावर एक रास्त शंका येईल, की सल्लागार उद्या नोकरीही तक्त्यात बसवतील. बसवायला लागलेही आहेत. हार्वर्डच्या शिक्षणशास्त्र शाळेने २०१६ मध्ये काढलेल्या 'टर्निंग द टाइड' या अहवालात घरची जबाबदारी आणि पगाराचं काम यांना अर्जात मान मिळावा अशी शिफारस होती, आणि कॉमन अ‍ॅपच्या यादीत या दोन्हींसाठी वेगळे प्रकार आहेतच. मग हेही दाखवण्यापुरतंच होणार नाही का? सुरुवात तशी झाली तरी मला चालेल. दाखवण्यासाठी काढलेली संस्था कागदावर जगू शकते, पण दाखवण्यासाठी धरलेल्या नोकरीतही सकाळी सातला जावंच लागतं, आणि समोरच्या गिऱ्हाइकाला तुमच्या अर्जाशी देणंघेणं नसतं. हेतू कसाही असो, काम खरं असतं. मात्र नोकरी केल्याने प्रवेश मिळेल असं आश्वासन मी देत नाही. देणाऱ्यावर विश्वासही ठेवू नये.

मग आपल्याला ती पचत का नाही? "आम्ही इथे कशासाठी आलो? पोराने टेबलं पुसावीत म्हणून?" हे वाक्य अनेक घरांत निघतं, आणि त्यामागे दुखरी आठवण असते. आपल्या आईबापांच्या पिढीत ज्या मुलांना सुट्टीत काम करावं लागायचं, ती गरिबीने करायची. त्यातून सुटण्यासाठीच तर शिक्षण घेतलं. ही वेदना मला मान्य आहे. पण तिच्या आड दुसरीही एक गोष्ट लपते, ती म्हणजे हात मळवणाऱ्या कामाविषयी पिढ्यान्‌पिढ्या जपलेली तुच्छता. ती आपण व्हिसाबरोबर घेऊन आलो आहोत. लेखणी धरणारा वरचा, झाडू धरणारा खालचा, ही उतरंड कुठून आली हे महाराष्ट्रात वाढलेल्याला सांगायला नको.

आणि त्याच महाराष्ट्रात दुसरी परंपराही आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली. साताऱ्याच्या वसतिगृहात त्यांनी सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसवली आणि त्यांच्याकडून स्वयंपाकापासून शेतीपर्यंतची कामं करून घेतली. 'कमवा आणि शिका' ही त्यांच्या शिक्षणाची पद्धतच होती. श्रमाशिवाय शिकलेला माणूस अर्धवट राहतो असं त्यांना वाटत होतं, गरिबीवरचा तात्पुरता तोडगा म्हणून त्यांनी हे केलं नाही. पुणे विद्यापीठाच्या कॉलेजांत 'कमवा व शिका' योजना आजही चालते. तिच्यात बागेत, ग्रंथालयात तास भरून शिकलेले कितीतरी जण पुढे अमेरिकेत आले, आणि आज त्यांच्यातल्याच काहींना आपल्या मुलीने गल्ल्यावर उभं राहणं कमीपणाचं वाटतं.

एका मोठ्या गटाला मात्र हा सल्ला जसाच्या तसा लागू पडत नाही, आणि त्यांच्याविषयी फार कमी बोललं जातं. ग्रीन कार्डच्या रांगेत वर्षानुवर्षं अडकलेल्या भारतीय कुटुंबांतली मुलं एच-४ या आश्रितांच्या व्हिसावर असतात. त्यांना पगाराची नोकरी करण्याची कायद्याने मुभाच नाही. २०१५ पासून कामाचा परवाना मिळतो तो काही जोडीदारांना, मुलांना नाही. सरकारी प्रयोगशाळांतल्या अनेक उन्हाळी जागा नागरिकांसाठी किंवा ग्रीन कार्डधारकांसाठी राखीव असतात. एकवीस वर्षं पुरी झाली की वडिलांच्या व्हिसाची सावलीही जाते. इथेच वाढलेल्या, इथलीच बोली बोलणाऱ्या या मुलांना वर्गमित्रांसारखं आइस्क्रीमच्या दुकानात उभं राहता येत नाही, आणि ते का, हे सोळाव्या वर्षी सगळ्यांना समजावत बसावं लागतं. फी भरून मिळणाऱ्या कोर्सकडे ही घरं ओढली जातात, ती हौसेने जात नाहीत, दुसरी दारं बंद असतात म्हणून जातात. या मुलांसाठी तरी आपल्या मंडळांनी काही करायला हवं, आणि ते करता येण्यासारखं आहे.

आपल्या भागात दर उन्हाळ्यात शेकडो आजी-आजोबा सहा महिन्यांसाठी येतात. मुलगा-सून कामावर, घराबाहेर फूटपाथ नाही, गाडी चालवता येत नाही, दुपारभर माणूस दिसत नाही. कुणाला वाचनालयात जायचं असतं, कुणाला देवळात, कुणाला नुसतं दुसऱ्या मराठी माणसाशी बोलायचं असतं. मंडळाने जूनमध्ये त्यांची नावं घ्यावीत, सतरा वर्षं पुरी झालेल्या, प्रोबेशनरी लायसन असलेल्या मुलामुलींची नावं घ्यावीत, आणि कोणत्या वारी कोण कुणाकडे जाणार याचं वेळापत्रक लावावं. न्यू जर्सीच्या नियमाने अशा मुलांना गाडीत बाहेरचा एकच माणूस बसवता येतो, म्हणून फेऱ्या जास्त लागतील आणि मुलंही जास्त लागतील. पैशाचा व्यवहार नसल्याने एच-४ वरच्या मुलांनाही यात येता येईल. विमा आणि पालकांची संमती हे दोन प्रश्न आधी सोडवावे लागतील, त्यासाठी प्रत्येक मंडळात एखादा वकील आणि एखादा विमा एजंट असतोच. ठरल्या दिवशी मूल गेलं नाही तर तयार होऊन बसलेल्या आजींचा फोन येईल, आणि तो फोन मुलाने स्वतः घ्यायचा, आईने नाही, एवढा एक नियम मात्र पहिल्याच बैठकीत करावा.